कोरड्या गावची नदी



वैशाखाच्या ऐन तापात जालन्यासारख्या गावी पुरावर व्याख्यान देण्यास उभे राहणे म्हणजे उपाशी माणसापुढे अजीर्णाची लक्षणे सांगण्यासारखे आहे. आपल्यापैकी कित्येकांचे कान ह्या क्षणी माझ्याकडे नसून नळाला पाणी केव्हा सुटते तिकडे असतील. दुष्काळावर बोला, असे आपण म्हणाल. आणि म्हणण्याचा आपल्याला अधिकारही आहे. १९७२चा दुष्काळ आठवणारी माणसे ह्या सभागृहात असतील, आणि २०१२-१३चा तर मुलांनाही आठवत असेल. परंतु ह्या गावच्या पाण्याचा इतिहास पाहू लागले म्हणजे ध्यानात येते की, तहान आणि पूर ही दोन प्रकरणे नव्हेत. ती एकाच खात्याची दोन पाने आहेत. आपण एकच पान वाचतो, आणि दुसरे आपल्याला एखाद्या रात्री अचानक वाचावे लागते.

'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये' असे आपले वाडवडील सांगून गेले. ऋषींच्या बाबतीत मी ही आज्ञा पाळीन. नदीच्या बाबतीत मात्र आज ती मोडावी लागणार आहे.

आपली कुंडलिका तशी लहान नदी. गावाच्या उत्तरेकडील माळरानातून ती येते, घाणेवाडीच्या तलावात थांबते, तेथून उतरून जुना जालना आणि नवा जालना ह्यांच्या मधून वाहते, पुढे दुधनेला मिळते. दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. गावातच सीना नावाचा दुसरा प्रवाह आहे. सोलापूरकडच्या प्रसिद्ध सीनेशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. वर्षातले आठ-नऊ महिने ह्या दोन्ही प्रवाहांना नदी म्हणायला जीभ धजत नाही. आपल्या भाषेतच पाहा: आजोबा जिला नदी म्हणत, तिला वडील नाला म्हणू लागले आणि नातू गटार म्हणतो. प्रवाह तोच, तीन पिढ्यांत त्याचा दर्जा तीन पायऱ्या उतरला. आणि ज्याला आपण गटार म्हणतो त्याच्या काठाला भिंत घालताना, त्याच्यावर फरशी टाकताना, त्याच्या पात्रात भर घालताना मनाला काही वाटत नाही. नदी बुजवण्याआधी आपण तिचे नाव बुजवतो.

आता पावसाकडे या. मराठवाडा हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. राजस्थानासारखे हे वाळवंट नव्हे. जालन्याला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु सरासरी हा शब्द फार फसवा आहे. हा पाऊस वर्षभर सारखा वाटून पडत नाही. काही थोड्या दिवसांत, आणि त्या दिवसांतल्याही काही थोड्या तासांत पडतो. वर्षाचा मोठा वाटा चारसहा झडींत येऊन जातो. शिवाय आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या भेगांत पहिला पाऊस गडप होतो. पण एकदा ती माती भिजून फुगली की भेगा मिटतात आणि वरचे पाणी खाली उतरेनासे होते. तिच्याखाली काळा पाषाण. तोही पाणी जपूनच पितो. म्हणून मृगाचा दोन इंच पाऊस आणि हस्ताचा दोन इंच पाऊस हे मोजपात्रात सारखे असले तरी नदीच्या दृष्टीने सारखे नसतात. मृगाचा पाऊस जमीन पिते. हस्ताचा पाऊस, ज्याला शेतकरी 'हत्तीचा पाऊस' म्हणतो, तो भरलेल्या तलावांवर आणि तृप्त झालेल्या मातीवर पडतो आणि सरळ धावत सुटतो. कोरड्या मुलखातला पूर चढायला दिवस घेत नाही, तास घेतो. उतरतोही तितक्याच लवकर. आणि म्हणूनच तो आठवणीत राहत नाही. दुष्काळ वर्षभर सतावतो, त्याच्या म्हणी होतात, त्याच्यावरून वये मोजतात. पूर मात्र एका रात्रीचा पाहुणा. चिखल धुऊन निघाला की विसरला.

ही परिस्थिती जुन्या माणसांना ठाऊक नव्हती काय? होती. 'जालना, सोन्याचा पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो, पण तो पाळणा कोणत्या दोरीवर टांगलेला होता हे सांगत नाही. ती दोरी पाण्याची होती. सोळाव्या शतकात जमशेदखान नावाच्या अंमलदाराने येथे काळी मशीद बांधली. तिचे साल १५७८ असे सांगतात. त्यानेच गावाच्या पश्चिमेस मोती तलाव बांधला आणि त्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी, जागोजाग हौद ठेवून, गावात खेळवले. भरभराटीच्या काळात ह्या गावाला पाच तलाव होते. अकबराच्या दरबारचा अबुल फजल काही काळ येथे राहून गेला. औरंगजेब दख्खनच्या सुभ्यावर असताना येथे येत असे. १६७९ साली शिवछत्रपतींनी आपल्या अखेरच्या मोठ्या स्वारीत ह्याच पेठेवर घाला घातला. संपन्न पेठ असल्यावाचून कोणी तिच्यावर चालून जात नाही; आणि ह्या पठारावर पाण्यावाचून पेठ संपन्न होत नाही. पुढे १७२५ साली निजामउल्मुल्काच्या हुकमाने काबिलखानाने गावाच्या पूर्वेस किल्ला आणि गढी उभी केली. तीच आपली मस्तगड.

शेजारच्या खडकीतही, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदून हेच काम वेगळ्या तऱ्हेने केले. ह्या सर्व मंडळींनी पाणी बांधले ते तहानेसाठी, पुरासाठी नव्हे. पण तलावाचा गुण असा की तो दोन्ही कामे न सांगता करतो. जो तलाव वैशाखात गावाला पाजतो, तोच भाद्रपदात नदीचा पहिला वेग अंगावर घेतो. गाव त्याची देखभाल तहानेपोटी करते, आणि पुरापासूनचे रक्षण त्याला फुकट मिळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर तयार झाले, तेव्हा त्या पाच तलावांपैकी एकटा मोती तलाव उरला होता. चार तलाव गेले ह्याचा अर्थ आपण काढतो तो इतकाच, की गावाचे चार तलाव पाणी गेले. अर्थ त्याहून मोठा आहे: पावसाला थांबायच्या चार जागा गेल्या. पाऊस काही थांबला नाही. थांबायच्या जागा मात्र नाहीशा झाल्या.

परंतु, श्रोतेहो, जुने ते सोने एवढेच सांगून मी खाली बसलो तर ते अर्धसत्य होईल. कारण तलाव रक्षण करतात, तसे बुडवतातही. ह्याचा धडा ज्या शहराने घेतला ते शहर आपल्याला परके नाही. जालना १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याची राजधानी हैदराबाद. १९०८ सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस, ऐन हस्त नक्षत्रात, मुसी नदीच्या खोऱ्यावर पाऊस कोसळला. शमशाबाद येथे चोवीस तासांत सुमारे १२.८ इंच, म्हणजे सव्वातीनशे मिलिमीटर पाणी पडले. आपल्या जालन्याच्या हिशेबाने जवळजवळ निम्म्या वर्षाचा पाऊस एका अहोरात्रीत! २८ सप्टेंबरला मुसी शहरात शिरली. पूल वाहून गेले, मोहल्लेच्या मोहल्ले बसले, मृतांचा अंदाज पंधरा हजारांपर्यंत केला जातो. अफझलगंजात एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात पुढेही जपले गेले. उर्दूचे थोर रुबाईकार अमजद हैदराबादी ह्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या एका पुरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

पुढल्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांना बोलावले. हे गृहस्थ पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले. खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले होते. त्यांनी प्रथम पूर मोजला. मुसीने ऐन भरात सेकंदाला सव्वाचार लाख घनफूट पाणी वाहून नेले, असा त्यांचा हिशेब निघाला. मग त्यांनी नदीचे मूळ शोधले. आणि तेथे त्यांना जे सापडले ते आपण नीट ऐकावे. शहराच्या वर, त्या खोऱ्यात, लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला, त्याचे पाणी खालच्या तलावावर आले, तोही फुटला, आणि अशा रीतीने पावसाच्या पाण्यात साठलेले पाणी मिळत मिळत शहरापर्यंत आले. जे तलाव शेकडो वर्षे तहान भागवत होते, तेच एका रात्री एकमेकांचे हात धरून शहरावर चालून आले.

विश्वेश्वरय्यांनी ह्यावरून तलाव बुजवा असे सांगितले नाही. त्यांनी उलट सांगितले: शहराच्या वर दोन मोठे जलाशय बांधा, त्यांत पुराला पुरेशी रिकामी जागा राखा, आणि शहरातले नदीचे काठ मोकळे व बांधीव करा. त्यातून १९१२ साली शहर सुधारणा मंडळ आले, १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. त्याच जलाशयांनी पुढे कित्येक दशके हैदराबादची तहानही भागवली. पाहा, तेच एक खाते आणि तीच दोन पाने.

आणि तरीही गोष्ट संपत नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये हैदराबाद पुन्हा बुडाले. ह्या वेळी वस्त्यांत शिरलेले पाणी पुष्कळ ठिकाणी मुसीचे नव्हते. ते शहराच्या वाढीत गुरफटलेल्या तलावांचे होते. काही तलाव फुटले, काहींचे सांडवे घरांनी अडवले होते, आणि काही तलाव नकाशावर असून जमिनीवर नव्हते. पावसाला मात्र जुना नकाशा पाठ होता.

पुण्याचेही असेच. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास आंबिल ओढ्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले, कात्रजच्या तलावातून शहराला पाणी आणले. पुढे शहर वाढले, ओढ्याला वळणे मिळाली, आणि बघता बघता लोकांच्या तोंडी त्याचे नाव एका वस्तीचे, एका रस्त्याचे नाव होऊन बसले. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तो आपल्या मूळ नावाने परत आला. वीसहून अधिक माणसे त्या पुरात गेली. पुण्यासारख्या शहाण्या शहराला आपल्याच ओढ्याची ओळख अशी करून घ्यावी लागली.

खऱ्याखुऱ्या वाळवंटातल्या शहरांची हकीकतही निराळी नाही. उलट तेथे हीच गोष्ट अधिक ठळक दिसते. २००६च्या ऑगस्टात राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात दोनअडीच वर्षांचा पाऊस तीनचार दिवसांत पडला आणि कवास गावात पाणी साठून राहिले. वाळूखालच्या जिप्समच्या थराने ते खाली उतरू दिले नाही. २५ नोव्हेंबर २००९ रोजी अरबस्तानातील जेद्दा शहरात चार तासांत अवघा नव्वद मिलिमीटर पाऊस झाला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली; कारण शहर वाढता वाढता कोरड्या ओढ्यांच्या पात्रात उतरले होते. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत, जेथे आपली कित्येक मराठी कुटुंबे पोटासाठी राहतात, अल ऐनजवळ एका दिवसात २५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुबईचे विमानतळ तळे झाले. कोकणच्या माणसाला नव्वद मिलिमीटरचे हसू येईल. पण कोकणात प्रत्येक परसाला पाण्याची वाट ठेवलेली असते, कारण दरसाल ती लागते. कोरड्या गावात ती वाट दहा-वीस वर्षे रिकामी पडते. आणि रिकामी जागा माणसाच्या डोळ्यांत खुपते. तेथे प्रथम टपरी येते, मग पत्र्याची खोली, मग पक्के घर. बांधणारा दुष्ट नसतो. त्याने आयुष्यात तेथे पाणी पाहिलेलेच नसते.

आता घरी परत येऊ. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, निजामी अमदानीत, घाणेवाडीचा तलाव झाला आणि जालन्याला नव्याने पाणी मिळाले. १९८१ साली, १ मे रोजी, जालना जिल्हा झाला. त्या वर्षीच्या जनगणनेत गावाची वस्ती सव्वा लाखाच्या घरात होती. २०११ साली ती सुमारे २ लाख ८५ हजार झाली, आणि २०२३मध्ये गाव महानगरपालिकेचे शहर झाले. बियाण्यांचा व्यापार, पोलादाच्या भट्ट्या, समृद्धी महामार्ग. पाळणा पुन्हा सोन्याचा होऊ लागला आहे, ह्याचा कोणाला आनंद होणार नाही? २०१२-१३च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढल्यानंतर पैठणाहून जायकवाडीचे पाणी नळाने आले, हीही मोठीच सोय. पण सोयीबरोबर एक विसर येतो. जोवर कुंडलिका आपल्याला पाजत होती तोवर तिच्याकडे आपले लक्ष होते. पाणी दुरून येऊ लागले, आणि 'गरज सरो, वैद्य मरो' ह्या न्यायाने नदी आपल्या हिशेबातून गेली. तिने मात्र आपल्याला हिशेबातून काढलेले नाही.

हा हिशेब टँकरच्या भाषेत करून पाहू, कारण ती भाषा आपल्याला समजते. एका चौरस किलोमीटर जागेवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर दहा हजार टँकर! ज्या टँकरच्या दारी आपण घागरी घेऊन रांगा लावल्या, तसे दहा हजार टँकर प्रत्येक चौरस किलोमीटरवर काही तासांत रिते होणार. माळ होता तेव्हा त्यातले काही मातीत जिरे, काही बांधाशी अडे. आता तेथे पत्रा आहे, फरशी आहे, डांबर आहे. पाणी तेवढेच, धावण्याचा वेग दुप्पट, आणि धावायची वाट अर्धी.

पुराच्या रेषा सरकारी नकाशावर दोन रंगांत काढतात. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपण शंभर वर्षे हा शब्द ऐकतो आणि निश्चिंत होतो. नातवंडे पाहून घेतील म्हणतो. हा समज चुकीचा आहे. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात एक ह्या प्रमाणात तो येऊ शकतो. काल आला म्हणून उद्या येणार नाही असे नाही. तीस वर्षांचे कर्ज काढून जो माणूस निळ्या रेषेवर घर बांधतो, त्याच्या कर्जाचे हप्ते फिटण्याआधी पाणी उंबऱ्याशी येण्याचा संभव शंभरात सत्तर आहे. लाल रेषेवर बांधणाऱ्यालाही तो शंभरात सव्वीस आहे. कोणता सावकार अशा बोलीवर पैसे देईल? आणि हा धोका आता पूर्वीच्या मापाने मोजून चालत नाही. हवा तापते आहे, आणि तापलेली हवा अधिक वाफ धरते. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्याने ते पाहिले. जो मुलूख पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसतो, त्याच मुलखात उभी पिके आणि शेताची माती वाहून गेली.

मग करावे काय? इतिहास शिकवणाऱ्याने अभियंत्याची पगडी घालू नये. पण जो इतिहास सांगितला त्यातून तीन गोष्टी उघड निघतात. पहिली ही की तलावाचा गाळ, भिंत आणि सांडवा ह्यांकडे पाहण्याचा दिवस वैशाखाचा आहे, भाद्रपदाचा नव्हे. २०१३च्या टंचाईत घाणेवाडीचा गाळ काढला गेला, तो तहानेपोटी. त्याच कामाने पुरालाही जागा मिळाली. पण गाळ काढताना सांडवा विसरू नये. मुसीच्या २२१ तलावांची आठवण ती ह्याचसाठी. दुसरी ही की नदीची वाट नकाशावर आखून तेवढ्यावर थांबू नये. ती जमिनीवर दिसावी. पाणी जेथवर आले तेथे, शाळेच्या भिंतीवर, पुलाच्या खांबावर, तारखेसह एक रेघ ओढावी. लेख कोरायला आपल्याला दगड मिळतात. पुराच्या एका रेघेला मिळू नये काय? आणि तिसरी गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. नदीच्या पात्रात आज जे राहतात ते बहुधा गरीब आहेत. कोरड्या जागेची किंमत त्यांना परवडली नाही म्हणून ते ओल्या जागी आले. पाण्याची वाट मोकळी करताना त्यांना आधी निवाऱ्याची जागा दिली पाहिजे. नाही तर पूर येण्याआधीच आपण त्यांना बुडवले, असे होईल.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. पाणी उंबऱ्याशी आल्यावर ओढ्याचा नकाशा शोधणारा त्याच्याहून शहाणा नाही. ह्या व्याख्यानाहून घरी जाताना आपल्यापैकी पुष्कळांना कुंडलिकेवरचा पूल ओलांडावा लागेल. खाली पाणी नसेल. झुडपे असतील, कचरा असेल. तरी क्षणभर कठड्याशी थांबा आणि दोन्ही काठांमधले अंतर डोळ्यांनी मोजा. मग घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा की, त्यांच्या लहानपणी पाणी कोठवर आले होते. जे उत्तर मिळेल ते लिहून ठेवा. ह्या गावाच्या इतिहासाचे ते एक न लिहिलेले पान आहे, आणि ते वाचून दाखवणारी माणसे आता फार उरलेली नाहीत.